स्त्रीपार्ट, नाच्या आणि नटाचे खासगीपण : प्रेक्षकदृष्टीच्या इतिहासातील एक प्रश्न

(१)

नटाचा लैंगिक कल प्रेक्षकाला ठाऊक झाला, तर त्याच्या अभिनयाकडे पाहण्याच्या दृष्टीत फरक पडतो काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. समलिंगी म्हणून परिचित असलेल्या नटाने रंगविलेला प्रियकर प्रेक्षकाला पटेल काय, अशा स्वरूपात तो बहुधा मांडला जातो. या मांडणीत एक क्रम गृहीत धरलेला असतो. प्रेक्षकाजवळ नटाविषयी काही माहिती आधीच असते, ती घेऊन तो नाट्यगृहात शिरतो आणि मग त्या माहितीची छाया अभिनयावर पडते, असा तो क्रम होय. पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीतील उदाहरणांना हा क्रम काही अंशी लागू पडतो. मराठी रंगभूमी आणि मराठी चित्रपट यांच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र तो बहुतेक वेळा उलटा झालेला दिसतो. येथे प्रेक्षक नटाच्या खासगी जीवनावरून भूमिकेकडे गेलेला नाही. तो भूमिकेवरून नटाच्या खासगी जीवनाकडे गेला आहे. भूमिका पाहून त्याने नटाचे पौरुष, त्याचा संसार, त्याची वासना यांविषयी निष्कर्ष काढले, आणि पुढे हेच निष्कर्ष त्याच्या दृष्टीने ‘माहिती’ ठरले.

हे सर्वच नटांच्या बाबतीत सारख्या प्रमाणात घडले असते, तर तो केवळ प्रेक्षकाच्या भाबडेपणाचा दाखला ठरला असता. परंतु तसे घडलेले नाही. आयुष्यभर स्त्रीभूमिका करणाऱ्या एका नटाला महाराष्ट्राने दैवत मानले. बायकी पुरुषाची भूमिका करणाऱ्या दुसऱ्या एका नटाला याच महाराष्ट्राने रस्त्यात गाठून त्याच्या पुरुषत्वाची चौकशी केली. पहिले उदाहरण नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांचे, दुसरे तमाशापटांतील ‘नाच्या’ म्हणून ओळखले गेलेले कोल्हापूरचे गणपत पाटील यांचे. दोघेही संसारी गृहस्थ होते. तेव्हा हा फरक त्यांच्या खासगी जीवनातून आलेला नाही, हे उघड आहे. तो कोठून आला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या शोधासाठी प्रेक्षकाचे एक स्थान निश्चित करून घेणे सोयीचे होईल. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहातील प्रेक्षकावरून ‘मराठी प्रेक्षक’ या नावाचा एक सर्वसाधारण प्राणी कल्पिण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. येथे त्याऐवजी बुलढाणा जिल्ह्यातील, मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. लोहमार्गाचा फाटा खामगावपर्यंत १८७० मध्ये आला आणि कापसाच्या पैशाबरोबर नाटक मंडळ्यांची वऱ्हाडची वाटही पक्की होत गेली. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांसारखे नाट्यवेडे आश्रयदाते याच प्रांतातले. परंतु खामगावहून जालन्याकडे जाणारा लोहमार्ग शतकभर मागणीच्याच अवस्थेत राहिला. मोठे सामान, पडदे आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारी मंडळी रेल्वेच्या गावी उतरत असे. रेल्वेपासून दूर असलेल्या जानेफळसारख्या गावापर्यंत तिचे नाटक पोहोचत नव्हते, पोहोचत होती ती त्याची कीर्ती. चित्रपटाने ही मर्यादा ओलांडली. या गावच्या जागेवरून पाहिले की, नटाविषयी प्रेक्षकाला काय कळते आणि कशाच्या द्वारा कळते, हा प्रश्न केवळ सैद्धांतिक उरत नाही.

(२)

पुरुषाने स्त्रीभूमिका करणे ही मराठी रंगभूमीवरील अपवादात्मक गोष्ट नव्हती. जवळजवळ एक शतक तोच नियम होता. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पर्यंत आणि तेथून पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत प्रमुख मंडळ्यांतून स्त्रीपार्टी नटच नायिका रंगवीत. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व ही त्यातील गाजलेली नावे. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नाही, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली, १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांच्याच होत्या. त्याच १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. परंतु कुलीन घरातील स्त्रीने रंगमंचावर येण्याचा प्रश्न पुढेही बराच काळ वादग्रस्त राहिला.

प्राचीन नाट्यविचाराला या प्रथेत काही अडचण वाटत नव्हती. भरताने भूमिकेच्या प्रकृतीचे तीन प्रकार मानले आहेत. नटाचे लिंग व वय पात्राशी जुळत असेल तर ती अनुरूपा. वयाने विजोड असेल, म्हणजे बालकाने वृद्धाची वा वृद्धाने बालकाची भूमिका केली, तर ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची अथवा स्त्रीने पुरुषाची भूमिका केली, तर ती रूपानुसारिणी. या वर्गीकरणात नटाच्या वासनेला जागा नाही. नट पात्राला धारण करणारा असतो. प्रेक्षकाने ज्या रतीचा आस्वाद घ्यायचा ती नटाची नव्हे, शकुंतलेची किंवा दुष्यंताचीही नव्हे, ती साधारणीकृत रती होय, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. या भूमिकेवरून पाहिले तर आपला प्रश्न उद्भवतच नाही. पण शास्त्र जे सांगते ते प्रेक्षक करतोच असे नाही. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने साधारणीकरणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली. त्याने नटाच्या गृहस्थपणाची हमी मागितली, आणि ती त्याला मिळाली.

बालगंधर्वांविषयी ज्या आख्यायिका मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी वारली. तरीही रसिकांचा विरस होऊ नये म्हणून ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. ही कथा कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. परंतु तिचे आणखी एक कार्य आहे, ते असे की, भामिनीच्या शालूखाली एक बाप आहे, याची ती प्रेक्षकाला आठवण देते. प्रेक्षक जितका भामिनीच्या लावण्यावर लुब्ध होतो, तितकाच तो या बापाविषयी आदर बाळगतो. एकाच देहाकडे तो दोन दृष्टींनी पाहतो आणि दोहोंमध्ये त्याला विसंगती वाटत नाही. सौंदर्याकडे ओढले जाणारे त्याचे मन या आदरामुळे निर्धास्त राहते.

येथे पुरुष प्रेक्षकाच्या आकर्षणाचा प्रश्न टाळता येणार नाही. रंगमंचावरील देह पुरुषाचा आहे हे जाणून त्याच्यावर मोहित होणाऱ्या शेकडो पुरुषांचे मन नेमके कशावर गुंतले होते? ‘स्त्रीत्वाच्या आविष्कारावर’ असे उत्तर आपल्या समीक्षेने दिले आणि विषय मिटविला. उत्तर चूक नाही, पण ते अपुरे आहे. त्या काळच्या समाजात स्त्रीपुरुषांच्या एकत्र वावरावर कडक बंधने होती. अशा समाजात रंगमंचावरील स्त्रीरूप हे इच्छेला मान्यताप्राप्त विषय पुरवीत होते, आणि ते रूप पुरुषाचे असल्यामुळे नीतीचा भंगही होत नव्हता. परस्त्रीकडे टक लावून पाहिल्याचा दोष लागत नाही, कारण ती स्त्री नाही. पुरुषावर आसक्त झाल्याचाही दोष लागत नाही, कारण दिसते ती स्त्रीच आहे. या दुहेरी सवलतीवर संगीत रंगभूमीच्या शृंगाराचा मोठा भाग उभा होता. कॅथरिन हॅन्सन यांनी पारशी, गुजराती आणि मराठी रंगभूमीवरील स्त्रीपार्टाचा एकत्रित विचार केला आहे, तर मीरा कोसंबी यांनी स्वातंत्र्यपूर्व मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील लिंगभावाची सविस्तर चर्चा केली आहे. त्यामुळे हे क्षेत्र आता अभ्यासकांना अनोळखी राहिलेले नाही. तरीही या सवलतीची एक अट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. नट वेश उतरविल्यावर निःसंशयपणे पुरुष असला पाहिजे, ही ती अट होय.

या अटीचे स्वरूप बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात स्पष्ट होते. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या कंपनीत आल्या आणि पुढे त्यांच्या सहजीवनामुळे अनेक जुने चाहते व स्नेही दुखावले. पन्नाशीच्या नटाने तरुण नायिका रंगवावी, हे ज्यांनी कौतुकाने स्वीकारले होते, त्यांना त्याच नटाने परधर्मीय गायिकेबरोबर राहावे हे रुचले नाही. म्हणजे खासगी जीवन प्रेक्षकाच्या दृष्टीआड नव्हतेच. ते गृहस्थाश्रमाच्या चौकटीत होते तोवर त्याने भूमिकेला आधार दिला. चौकट मोडताच तेच खटकू लागले. स्त्रीवेशाने जे बिघडले नाही ते गृहस्थपणाच्या हमीला तडा गेल्याने बिघडले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा पुरावा आहे.

(३)

तमाशातील नाच्याची परंपरा वेगळी आहे. तमाशात स्त्रिया नाचू लागण्यापूर्वी त्यांची जागा ‘नाच्या पोऱ्या’ घेत असे. स्त्रिया आल्यावर नाच्या नाहीसा झाला नाही. त्याचे कार्य बदलले. शृंगाराचा विषय होण्याऐवजी तो विनोदाचा विषय झाला. गौळणींच्या मेळ्यात किंवा वगात तो नाचणारीची नक्कल करतो, सोंगाड्याशी सलगी करतो, बोटे नाचवितो, मान वेळावतो. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नट आणि नाच्या या दोघांच्याही अंगी स्त्रीसुलभ हालचालींचे कौशल्य लागते. परंतु दोघांची सामाजिक जागा एक नव्हे. संगीत नाटक हे प्रामुख्याने उच्चवर्णीय, पांढरपेशा आश्रयावर वाढले. तमाशा हा महार, मांग, कोल्हाटी अशा जातींच्या कलावंतांनी जगविला, आणि ज्यांनी तो रात्री पाहिला त्यांनीच त्याला दिवसा नावे ठेवली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण माणूस तमाशात जाऊन पठ्ठे बापूराव झाला, याचा केवढा गवगवा झाला! नट वेश उतरविल्यावर कोण असतो, या प्रश्नाचे उत्तर संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला आदराने मिळत असे. तमाशाच्या बाबतीत ते विचारण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

जात आणि आश्रय यांनी या भेदाचे बरेच स्पष्टीकरण होते. पण पूर्ण होत नाही. गणपत पाटील हे मुळात तमाशाचे कलावंत नव्हते. ते रंगभूमी आणि चित्रपट यांतील नट होते. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला आणि तमाशापटांची लाट आली. त्या लाटेत नाच्याचे पात्र चित्रपटाचा जवळजवळ ठरीव घटक बनले, आणि ते पाटलांनी इतक्या वेळा व इतक्या ताकदीने रंगविले की पात्र आणि नट यांच्यात लोकांना अंतर दिसेना. संसारी, मुलाबाळांचा हा माणूस. पण लोकांनी त्याला तृतीयपंथी ठरविले आणि त्याच्या संसारावरच शंका घेतली. या शंकेची झळ आपल्या कुटुंबालाही लागली, ही खंत त्यांनी उतारवयात बोलून दाखविली होती. २३ मार्च २००८ रोजी त्यांचे निधन झाले. बालगंधर्वांना दिलेली सवलत समाजाने त्यांना का दिली नाही?

माझ्या मते याचे कारण भूमिकेच्या रचनेतच आहे. पुरुष नट जेव्हा रुक्मिणी किंवा सिंधू होतो, तेव्हा नट आणि पात्र यांच्यामधला सांधा प्रेक्षकाला स्वच्छ दिसतो. पात्र स्त्री आहे, नट पुरुष आहे. यामधील सारे अंतर अभिनयाने कापले आहे, याविषयी संशय राहत नाही. नाच्याच्या बाबतीत पात्रही पुरुष आणि नटही पुरुष. पात्र ‘स्त्री’ नाही. ते ‘पुरुष असून पुरुषासारखे न वागणारे’ आहे. येथे वेशाचा सांधा नाही, लिंगबदलाचा सांधा नाही. अभिनय कोठे सुरू होतो हे दाखविणारी खूण प्रेक्षकाच्या हाती उरत नाही. जी हालचाल त्याने रुक्मिणीच्या ठायी कला मानली असती, तीच तो नाच्याच्या ठायी स्वभाव मानतो. अभिनय जितका बिनचूक, तितका संशय गाढ. म्हणजे गणपत पाटलांना त्यांच्या उणिवेची नव्हे, कौशल्याची शिक्षा झाली.

आता जानेफळच्या प्रेक्षकाकडे वळू. बालगंधर्व पाहायचे तर त्याला खामगाव-अकोल्याची वाट धरावी लागणार. त्यासाठी पैसा आणि ऐपत हवी. आणि ज्यांच्याजवळ ती होती त्यांच्याजवळ वर्तमानपत्रे, छायाचित्रे, नाट्यवर्तुळातील वार्ता हेही होते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले व बालगंधर्व यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, ही बातमी नाटक न पाहणाऱ्यालाही कळू शकत होती. नट हा सार्वजनिक जीवनातील प्रतिष्ठित पुरुष आहे, हे ज्ञान नाटकाच्या बरोबरीने, कित्येकदा नाटकाच्या आधी, पोहोचत होते. तमाशापट मात्र पेटीत बंद होऊन येतो. त्याच्याबरोबर नट येत नाही, नटाचे घर येत नाही. पुन्हा पुन्हा तेच पात्र, त्याच लकबी पडद्यावर दिसतात. वेश उतरविलेला नट कधीच दिसत नाही. ज्या प्रेक्षकाला सांधा दिसण्याची सोयच नाही, त्याने पात्रालाच नट समजणे हा त्याच्या अडाणीपणाचा पुरावा मानणे अन्यायाचे होईल. तो उपलब्ध पुराव्यावरून अनुमान करीत होता. दोष पुरावा पुरविणाऱ्या व्यवस्थेचा होता. एकच ठसा विकला जातो म्हणून तोच नटावर मारीत राहणाऱ्या चित्रपटव्यवसायाचा त्यात मोठा वाटा आहे.

चित्रपटमाध्यमाने बालगंधर्वांनाही हाच धडा दिला होता. १९३५ च्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथांच्या पुरुषभूमिकेत आले. पुढे १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांची स्त्रीभूमिका पडद्यावर आली, पण रंगमंचावरील यश तेथे लाभले नाही. गॅसबत्तीच्या उजेडात, काही अंतरावरून आणि गाण्याच्या साथीने जो संकेत टिकत होता, तो कॅमेऱ्याच्या जवळिकीपुढे टिकला नाही. रंगभूमीवरही १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने वास्तववादाचा पुरस्कार केला आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे गेल्या. हा बदल इष्टच होता. स्त्रियांच्या दृष्टीने तो न्याय्य होता. परंतु त्याबरोबर प्रेक्षकदृष्टीत एक नवी अपेक्षा रुजली. नट पात्रासारखा ‘असला’ पाहिजे, ही ती अपेक्षा. रूपानुसारिणी प्रकृतीचा संकेत मागे पडला आणि अनुरूपतेचा आग्रह वाढला. ‘नट खरोखर कोण आहे’ हा प्रश्न अभिनयाच्या चर्चेत शिरला तो या आग्रहातून. लैंगिक कलाविषयीचे कुतूहल ही त्याची पुढची पायरी होय.

(४)

या उपपत्तीची परीक्षा नंतरच्या उदाहरणांवर करता येते. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. त्यातील समलिंगी आकर्षण असलेल्या सुमित्रेची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकाच्या विषयाने प्रेक्षक अस्वस्थ झाला. परंतु ती भूमिका नटीला चिकटली नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात त्याच नटीला कस्तुरबा म्हणून स्वीकारताना प्रेक्षकाला काहीच अडचण आली नाही. कारण सुमित्रा ही एका विशिष्ट नाटकातील व्यक्तिरेखा होती, नाच्यासारखा साचा नव्हती. आणि तिला पाहणारा शहरी प्रेक्षक नटीला इतर भूमिकांतूनही ओळखत होता. सांधा दिसण्याची सोय तेथे होती.

दुसरे उदाहरण २०१० च्या ‘नटरंग’चे. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील, रवी जाधव दिग्दर्शित या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी रांगड्या गुणा कागलकराचा नाच्या झालेला दाखविला. नाच्याला भोगावी लागणारी विटंबना हाच त्या कथेचा विषय. पण चित्रपटाची रचना पाहण्याजोगी आहे. प्रेक्षकाला आधी पिळदार शरीराचा गुणा दिसतो आणि मग नाच्या. या भूमिकेसाठी नटाने शरीर कसे कमावले व कसे उतरविले, याची चर्चा वृत्तपत्रांतून झाली होती. म्हणजे गणपत पाटलांच्या वेळी जो सांधा कोणी दाखविला नाही, तो येथे कथेत आणि जाहिरातीत दोन्हीकडे ठळकपणे दाखविला गेला. प्रेक्षकाने नटाचे कौतुक केले. त्याच्या संसाराची चौकशी केली नाही. २००९ च्या ‘जोगवा’तील जोगत्याच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हाही असेच घडले. या सन्मानांविषयी आनंदच वाटावा. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कौतुकाला अद्यापही तीच जुनी हमी लागते. ‘पाहा, मुळात इतका पुरुषी माणूस, आणि किती हुबेहूब!’ या वाक्यातील पहिला भाग गाळला तर दुसऱ्या भागातील कौतुक टिकेल काय?

येथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. ज्याला ही हमी देता येत नाही, किंवा द्यावयाची नाही, अशा नटाचे काय? भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवीत होते. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा दिलासा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जवळजवळ संपूर्ण ज्ञात इतिहासात या विषयावर खरे बोलणे हा कायद्याने धोका होता. नटांच्या आत्मकथनांतील मौनाचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरता कामा नये. या मौनात कोण कोण होते, याचा आज शोध घेत बसणे हा इतिहास नव्हे. ती गणपत पाटलांच्या वाट्याला आलेलीच चौकशी, फक्त विद्वत्तेच्या भाषेत, ठरेल. स्त्रीपार्टी नटांना आजची लैंगिक नावे चिकटविण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. भूमिकेवरून वासनेचे अनुमान करण्याची तीच जुनी चूक त्यात पुन्हा घडते. तिला आता निंदेऐवजी गौरवाचा सूर असतो, एवढेच.

याउलट, नटाने स्वतः होऊन बोलल्यावर काय घडते, याचे बोलके उदाहरण बंगालच्या जात्रेत आहे. चपल भादुडी हे ‘चपलराणी’ या नावाने गाजलेले स्त्रीपार्टी नट. जात्रेत स्त्रिया आल्यावर त्यांची कारकीर्द ओसरली. नवीन किशोर यांच्या १९९९ मधील माहितीपटात ते आपल्या पुरुषावरील प्रेमाविषयी मोकळेपणाने बोलले. २०१० मधील कौशिक गांगुली यांच्या ‘आरेक्टी प्रेमेर गल्पो’ या चित्रपटात ते स्वतः आले आणि त्यांचे तरुणपण ऋतुपर्ण घोष यांनी रंगविले. या निवेदनामुळे एका दडपलेल्या जीवनाला वाचा फुटली, हे निःसंशय. पण त्यानंतर त्यांच्या जुन्या भूमिकांकडे ‘ते तर त्यांच्या स्वभावातच होते’ अशा नजरेने पाहण्याचा धोका निर्माण होतो. वर्षानुवर्षांच्या तालमीने कमावलेला आवाज, चाल, नजर हे सारे एका शब्दात ‘स्वभाव’ ठरते आणि नट नाहीसा होतो. हॉलिवूडच्या रॉक हडसनच्या बाबतीत १९८५ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. त्याच्या आजारपणात आणि मृत्यूनंतर त्याचा लैंगिक कल जगजाहीर झाला, आणि दशकानुदशके रुबाबदार प्रियकर म्हणून निःशंकपणे पाहिलेल्या भूमिकांत लोक मागाहून खुणा शोधू लागले. इयान मॅकेलन यांनी १९८८ मध्ये आपला कल स्वतः जाहीर केला, तेव्हा शेक्सपिअरच्या नाटकांतील त्यांची थोरवी प्रस्थापित झालेली होती. पुढेही राजे, योद्धे, मांत्रिक अशा नाना भूमिकांत प्रेक्षकाने त्यांना स्वीकारले. भूमिकांची विविधता हाच तेथे नटाचा बचाव ठरला.

(५)

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण तो स्पष्टपणे मांडता येईल. नटाच्या लैंगिक कलाचा अभिनयाच्या आस्वादावर स्वतंत्रपणे, नियमाने परिणाम होतो, असे आपला इतिहास सांगत नाही. परिणाम होतो तो प्रेक्षकाने गृहीत धरलेल्या कलाचा. आणि हे गृहीत तीन गोष्टींवर ठरते. नट आणि पात्र यांच्यातील सांधा दिसतो की नाही, नटाला एकाच साच्यात जखडले आहे की नाही, आणि त्याच्या कलाप्रकाराला व जातीवर्गाला समाजाने प्रतिष्ठा दिली आहे की नाही. बालगंधर्वांच्या बाजूने या तिन्ही गोष्टी होत्या. गणपत पाटलांच्या बाजूने एकही नव्हती.

म्हणूनच ‘प्रेक्षक बदलला पाहिजे’ एवढे म्हणून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. संगीत नाटकातील स्त्रीपार्टाविषयी आपण ग्रंथच्या ग्रंथ लिहिले; त्याच्या हातवाऱ्यांची, शालूच्या निऱ्यांची, अंबाड्याची वर्णने केली. नाच्याच्या अभिनयाचे असे वर्णन आपल्या समीक्षेत किती आढळते? तो अभिनय आहे हे सांगण्याचे काम समीक्षेचे होते. तिने ते केले नाही, म्हणून जानेफळच्या प्रेक्षकाने जे केले तेच पुण्याच्या समीक्षकानेही केले असे म्हणावे लागते. एकाने शंका घेतली, दुसऱ्याने दुर्लक्ष केले. दोघांनीही एका नटाला नट मानले नाही.

यापुढे आपल्या लैंगिकतेविषयी उघडपणे बोलणारे नट मराठी रंगभूमीवर उभे राहतील. कायद्याने ती वाट मोकळी केली आहे. त्यांच्याकडे पाहताना आपल्याजवळ दोन सवयी तयार आहेत. एक, त्यांच्या साऱ्या भूमिकांत त्यांचे खासगी जीवन शोधण्याची. दुसरी, त्यांना त्यांच्यासारख्याच भूमिकांत कोंडून ठेवण्याची. पहिली सवय प्रेक्षकाची आहे, दुसरी निर्मात्याची, आणि एक दुसरीला पोसते. भरताने रूपानुसारिणी असा शब्द योजला तेव्हा रूपाच्या मागे जाणारी नटाची साधना त्याच्या डोळ्यांसमोर होती. ती साधना वाचण्याची आणि दाखवून देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी आपल्या लेखनाचा आरंभ गणपत पाटलांच्या एखाद्या जुन्या चित्रपटापासून करावा. तेथे एक मोठा नट अद्याप आपल्या समीक्षकाची वाट पाहत आहे.